न कापलेला व्हिडिओ

“पण मॅडम, हे सगळे लोक संडासला कुठे जायचे?”

दीपमालाने विचारलं इंग्रजीत, पण सहलीतल्या बत्तीसच्या बत्तीस जणांना ते अस्सल मराठीत पोचलं. कुणी खोकलं, कुणी आभाळाकडे बघितलं, आणि टूर मॅनेजर राकेशने हातातली केशरी छत्री उगाचच उघडून मिटली. रोमजवळचं ओस्तिया नावाचं उद्ध्वस्त गाव, समोर दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब, गाइड फ्रांचेस्का सम्राटांबद्दल रंगात येऊन सांगतेय, आणि मध्येच हे!

दोष दीपमालाचा नव्हता, स्नेहा आणि राखीचा होता. नाशिकहून निघायच्या आदल्या दिवशी गंगापूर रोडला मिसळ खाता खाता दोघींनी तिला डेअर दिलं होतं. “सगळ्यांसमोर विचारायचं. आणि व्हिडिओ दाखवायचा पहिल्यापासून शेवटपर्यंत. कापाकापी चालणार नाही!” गेल्या वर्षीची दीपमाला असती तर तिथेच रडली असती. तेव्हा हजेरीला ‘येस सर’सुद्धा ती पुटपुटायची. पण नववीत वक्तृत्वाच्या ढालीवर तिचं नाव कोरलं गेलं आणि तेव्हापासून तिचा आवाज घरात मावेनासा झाला. तरी अथेन्समध्ये दोनदा प्रश्न ओठांवर येऊन परत फिरला होताच. तिसऱ्यांदा तिने मोबाइल मम्मीच्या हातात कोंबला, “शूट कर” म्हणाली आणि डोळे मिटून विचारून टाकलं.

फ्रांचेस्काने चक्क टाळी वाजवली. “हा प्रश्न मोठ्यांच्या मनात असतो, पण विचारतात फक्त लहान मुलं,” असं म्हणून ती सगळ्यांना एका भिंतीआड घेऊन गेली. तिथे लांबलचक संगमरवरी बाक, आणि बाकाला ओळीने भोकं! मध्ये पडदा नाही, भिंत नाही. शेजारी शेजारी बसून गप्पा मारायच्या. पाच मिनिटांपूर्वी खोकणारी माणसं आता त्यावर बसून फोटो काढून घ्यायला लागली.

दीपमालाची आजी, विमलाबाई, तेवढी बसली नाही. गुडघ्यांवर हात टेकून ती भोकातून खाली डोकावत होती. मग पदर खोचून बाकाच्या पुढच्या दगडी नालीवरून चालत भिंतीपर्यंत गेली आणि परत आली.

“उतार लय नामी दिलाय,” ती म्हणाली. “पानी इकडून सोडायचं, आन् तिकडून सगळं बाहेर. चोंदायला जागाच नाय. दीपे, तिला विचार, हे साफ कोन करायचं?”

दीपमालाने विचारलं. फ्रांचेस्का म्हणाली, गुलाम. मग कुतूहलाने आजीकडे बघत तिने विचारलं, “तुमच्या आजींना यातलं इतकं कसं कळतं?”

“सांग तिला,” आजी दीपमालाच्या कानाशी म्हणाली. “मी नाशकात एकतीस वर्सं रस्ते झाडले, गटारी काढल्या. सांग.”

आता दीपमाला काय सांगते, ते बत्तीस जण ऐकत होते. त्यांतले निम्मे नाशिकचे. मम्मीच्या हातातला मोबाइल चालू होता. आणि जिचा आवाज घरात मावत नव्हता, ती दीपमाला पुन्हा हजेरीच्या वेळेसारखं पुटपुटली.

“शी वॉज अॅन ऑफिसर,” ती म्हणाली. “इन द म्युनिसिपल कॉर्पोरेशन.”

पप्पांनी हळूच मान हलवली. बरोबर बोललीस, अशी. घरात हेच ठरलेलं होतं. कुणी विचारलं तर आजी ‘महापालिकेत होती’. खोटं काही नाही, फक्त पुढचं बोलायचं नाही. स्नेहा-राखीला तर वाटायचं आजी तिथे फायली सांभाळायची.

आजीला इंग्रजी येत नव्हतं. पण एकतीस वर्षं सफाई कामगारांच्या हजेरीच्या शेडसमोर ज्यांच्या गाड्या थांबल्या, ते ऑफिसर कोण असतात हे तिला पक्कं माहीत होतं. तिने पदर सोडला, सारखा केला आणि गटाबरोबर चालायला लागली.

त्यानंतर दोन दिवस आजी हसली, जेवली, राकेशने वाटलेल्या चिवड्याला “मीठ कमी हाय रे बाबा” म्हणून नावंही ठेवली. पण दगडांबद्दल मात्र एक शब्द बोलली नाही. आणि दीपमालाला तर तिच्या त्या बोलण्याचीच सवय झाली होती. अथेन्सला सगळे देवळाच्या खांबांकडे माना वर करून बघत होते तेव्हा आजीने बाजाराच्या जागेत जमिनीतला मोठा दगडी नाला हेरला होता. आजीबरोबर ते सगळं गाव जिवंत व्हायचं. कोण कुठे राहायचं, पाणी कुठून यायचं, भांडणं कशावरून व्हायची. ती गप्प झाली तशी उरलेली सहल नुसती दगडांची झाली.

तशी ही सहलच मुळात आजीमुळे होती. पप्पा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. लहानपणी त्यांच्या घरात एक परदेशी कॅलेंडर होतं, भूमध्य समुद्राकाठची गावं आणि पडकी देवळं, बारा पानं. वर्ष उलटलं तरी ते बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीवर राहिलं. पप्पा म्हणायचे, “आई, तुला हे दाखवीन.” आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांनी दाखवायला आणलं होतं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ती पिवळी पडलेली पानं घेऊन ते फिरत होते, आणि प्रत्येक ठिकाणी फोटो समोर धरून “हा बघ, हाच खांब!” असं लहान मुलासारखं ओरडत होते.

नेपल्सच्या हॉटेलबाहेर बसची वाट बघताना दीपमाला आजीशेजारी बाकावर बसली.

“आजी, चिडलीस?”

“कोनावर? तुझ्यावर?” आजीने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. “अगं, हे मीच शिकवलंय. तुझा बाप शाळंत जायचा त्याच रस्त्यावर माझा खराटा. पोरं हसायची त्याला. मग मीच सांगितलं, माझ्याकडं बघू नको, सरळ पुढं जा. सरळ गेला. शिकला. कारखान्यात लागला. पन नंतर त्याला परत माझ्याकडं बघायला सांगायचं राहूनच गेलं.”

“आणि कॅलेंडर? ते कुणी दिलं होतं?”

“देतंय कोन? कॉलेज रोडच्या बंगल्याच्या कचऱ्यात घावलं. डिसेंबर संपला, टाकून दिलं त्यांनी. मी तुझ्या बापासमोरच फडक्यानं पुसलं. म्हटलं, तारखा शिळ्या झाल्या, चित्रं कुठं शिळी झालीत?”

बस आली. दीपमाला खिडकीशी बसून बाहेर बघत राहिली, पण समुद्र काही तिला दिसला नाही.

पॉम्पेईचा रस्ता काळ्या दगडांचा, दोन्ही बाजूंना उंच फुटपाथ, आणि मधूनमधून रस्ता ओलांडायला मोठे चौकोनी दगड. फ्रांचेस्काने समजावलं, की रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, म्हणून लोक या दगडांवर पाय ठेवून पलीकडे जायचे. पाय भिजायचे नाहीत. माना हलल्या, फोटो निघाले. आजी फुटपाथच्या कडेला थांबली होती. खाली बघत ती पुटपुटली, कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, “वरून जानाऱ्याचे पाय कोरडे. खाली उतरून काढनाऱ्याचं काय?”

दीपमालाने मोबाइल मम्मीकडे दिला. “मम्मी, परत शूट कर. थांबवू नको.” मग तिने हात वर केला, ढाल जिंकली त्या दिवशी केला होता तसा.

“मॅडम, मला एक चूक दुरुस्त करायची आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “माझी आजी ऑफिसर नव्हती. ती एकतीस वर्षं नाशिकचे रस्ते झाडायची आणि गटारी साफ करायची. म्हणून तिला कळतं. तिचं नाव विमलाबाई. आणि ती विचारतेय, या रस्त्यावर खाली उतरून घाण कोण काढायचं? त्यांची नावं कुठे आहेत का?”

मग तेच सगळं तिने मराठीत सांगितलं, आजीसाठी आणि बाकीच्यांसाठीही. पप्पा एकदम गर्दीच्या मागे गेले आणि फोल्डर उघडून बसले.

फ्रांचेस्का आजीकडे वळली. “नावं मला तरी माहीत नाहीत,” ती म्हणाली. “पण मला एक सांगाल? हे पाणी कोणत्या बाजूला जात असेल?”

दीपमालाने विचारायचा अवकाश! आजीने चपला काढल्या, दगडावरून खाली उतरली आणि चालायलाच लागली. “हे बघ, हितं दगड झिजलाय, म्हंजे पानी या कडंनं. हितं वळन हाय, हितं तुंबत आसनार. हितं रोज मानूस लागत आसनार. एक नाय, दोन!” फ्रांचेस्का मागे, तिच्यामागे दीपमाला भाषांतर करत, आणि त्यांच्यामागे बत्तीस जणांचं लटांबर. राकेश छत्री नाचवत ओरडत होता, “मंडळी, जेवण! पास्ता थंड होतोय!” पुण्याचे एक काका म्हणाले, “होऊ दे हो राकेश, पास्ता रोजच आहे.” आजी वळून म्हणाली, “आमच्या मुकादमापेक्षा हा जास्त आरडतोय!” आणि सगळा रस्ता हसला.

नाशिकला परतून चार दिवस झाले. बॅगा धुऊन माळ्यावर गेल्या. संध्याकाळी पाचला स्नेहा आणि राखी व्हिडिओ बघायला येणार होत्या. साडेचार वाजले होते. मम्मी पोह्यांचे कांदे चिरत होती. आजी हॉलमध्ये कॅलेंडरची पानं पुन्हा दोऱ्यात ओवत होती.

पप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. “दीपू,” ते हळू आवाजात म्हणाले, “संडासाचा प्रश्न दाखव. तो मस्तच आहे. पण पुढचं जरा काप. पॉम्पेईचंही दाखवू नको. शाळेत पसरतं गं सगळं. मला माहितीये कसं असतं ते.”

मम्मीची सुरी थांबली. दीपमालाने पप्पांकडे बघितलं. शाळेच्या रस्त्यावर सरळ पुढे चाललेला, मान न वळवणारा एक मुलगा तिला दिसला, आणि त्याचा राग आला नाही. उलट त्याचा हात धरावासा वाटला.

“पप्पा, तुम्ही आजीला बारा पानं दाखवलीत,” ती म्हणाली. “आणि त्या दगडांमध्ये मला आजी दिसली. तुम्ही नेलं नसतं तर मी आयुष्यभर ‘महापालिकेत होती’ एवढंच म्हणत बसले असते. थँक्यू. अगदी मनापासून.”

“अगं, मग?”

“मग पहिल्या व्हिडिओत मी खोटं बोललेय, तेही त्यांना दिसणार. हसल्या तर मला हसतील. पॉम्पेईचाही दिसणार.” खाली गेटचा आवाज झाला. राखीचं खिदळणं जिन्यातून वर यायला लागलं. दीपमालाने मोबाइल उचलला आणि पप्पांचा हात धरून त्यांना हॉलकडे ओढलं. “मी ठरवलंय. मम्मी, तूही ऐक. मी काहीही कापणार नाहीये. आणि आज तुम्ही दोघं आजीच्या शेजारी बसायचंय. कॅलेंडर कुठून आलं, ते पप्पा, तुम्ही सांगायचंय.”