शेवटच्या चौकटीखालचं बटण

वन्संच्या हृदयाची झडप बदलायची होती. तीन महिन्यांपलीकडे थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अखेर रुग्णालयाचा निरोप आला: तारीख मिळाली आहे, मंगळवारी दुपारी बारापर्यंत वेबसाइटवर अर्ज भरून होकार कळवा, नाहीतर ती पुढच्या रुग्णाला जाईल.

ती वेबसाइट मीच केलेली. मोबाइलवर ती कशी दिसेल, बटणं कुठे येतील, सगळं माझ्या हातचं. म्हटलं, "वन्सं, द्या इकडे, मी भरते."

त्यांनी फोन छातीशी धरला. "तू केलंयस ना? मग मला न यायला काय झालं?"

मंगळवारी संध्याकाळी मी कामावरून आले, तर त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या, चष्मा हातात.

"सगळं भरलं गं. पण पुढे जायचं बटणच दिसेना. बारा वाजेपर्यंत तेच करत होते."

"मला फोन का नाही केलात?"

"म्हणशील, एवढंही जमत नाही बाईला."

"ताई, तुला टीव्हीचा रिमोट तरी कधी जमला का?" हे आतून म्हणाले. "उद्या फोन करू, देतील तारीख." वन्संही हसल्या.

मी त्यांचा फोन घेतला. जुना, लहानसा, अक्षरं मोठी करून घेतलेली. शेवटच्या चौकटीला बोट लावलं, तसा खालून कीबोर्ड वर आला आणि बटण त्याच्यामागे गेलं. पान सरकेना. कीबोर्ड मिटवला की पुन्हा पहिल्या चौकटीवर.

ऑफिसात आम्ही संगणकाच्या मोठ्या स्क्रीनवरची खिडकी ओढून फोनएवढी अरुंद करायचो आणि तपासायचो. तिथे पडद्यावर कीबोर्ड येतच नाही. तो टेबलावर असतो. अशा फोनवर मी एकदाही पाहिलं नव्हतं.

सकाळी रुग्णालयातल्या कारकून बाई फोनवर म्हणाल्या, "दिली हो ती तारीख दुसऱ्यांना. आता पाच महिने."

ऑफिसात चूक दाखवली, तर साहेब म्हणाले, "दुरुस्त करून टाक. गाजावाजा नको."

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. त्याच चौकटीपाशी अडकलेले आणखी एकोणीस अर्ज होते.

रोज सकाळी देवापुढे मी एकच मागते, जिभेवर खोटं येऊ नये. गप्प राहणं त्यात धरायचं की नाही, हे कधी विचारलं नव्हतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. हे उठून खिडकीशी गेले. वन्संनी माझा हात धरला. त्यांचा गार होता.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं," म्हणाल्या. मग, "त्या एकोणीस जणांच्या घरीही कुणी कुणी हसलं असेल गं. त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी साहेबांना न विचारता अर्जांतले नंबर उतरवून घेतले. पहिला एका बाईंचा होता. उचलला त्यांच्या नवऱ्याने. चूक तुमच्या बायकोची नव्हती, बटण मीच चुकीच्या जागी ठेवलं होतं, असं मी एका दमात सांगितलं.

पलीकडून आवाज आला, "त्या दिवशी मी खूप ओरडलो होतो तिला. गेली ती मागच्या आठवड्यात. आता हे कुणाला सांगू?"

उरलेले अठरा नंबर समोर होते. मी फोन कानाशी तसाच धरून बसले.