भिंतीकडचा नट

सुंदराबाईंनी पाणी पिणं कमी केलंय, हे संध्याच्या लक्षात आलं ते उशाशी ठेवलेली बाटली दिवस मावळला तरी भरलेलीच दिसायला लागली तेव्हा. विचारलं की सासूबाई म्हणायच्या, तहानच लागत नाही. खरं कारण त्यांनी सांगितलंही नसतं. पण एका सकाळी संध्या त्यांना धरून कमोडवर बसवत होती आणि सीट एका अंगाला सर्रकन सरकली. म्हातारीचा खांदा भिंतीवर आपटला. लागलं फार नाही, तरी त्या बराच वेळ तशाच भिंतीला टेकून राहिल्या.

"म्हणून पीत नाही बाई मी पाणी," त्या हळूच म्हणाल्या. "पडले तर तू एकटी कशी उचलणार मला?"

गेल्या हिवाळ्यात सुंदराबाईंना लकवा मारला होता. पाय वॉकर धरून चालण्याइतका सुधारला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. बोटं आतल्या आत मुडपलेली, मनगट वाळलेलं. जिथं ठेवावा तिथं तो पडून राहायचा. फिजिओथेरपीची मुलगी यायची आणि स्पंजचा बॉल दाबायला लावायची. बॉल गळून पलंगाखाली जायचा. शेवटी सुंदराबाईंनीच तिला नको म्हणून सांगितलं. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत धागे कापण्यात आणि बटणं ठोकण्यात या बाईची अर्धी हयात गेलेली. आता त्या आपल्याच हाताला 'तो' म्हणायच्या, घरात ठाण मांडून बसलेल्या आळशी पाहुण्याबद्दल बोलावं तसं. विहारात जाणंही त्यांनी बंद केलं होतं. वंदनेला हात जोडता येत नाहीत, तर जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

सीटचं काम संध्याच्या नवऱ्यानं, प्रमोदनं, करून पाहिलं होतं. तो आनंदनगरच्या एमआयडीसीत मशीनवर, हत्यारं त्याला नवी नव्हती. पण त्यांच्या शिरगावच्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं कमोड पार कोपऱ्यात घातलेला; बसलं की उजव्या खांद्याला भिंत. सीट मागच्या बाजूला दोन स्क्रूंवर, आणि ते स्क्रू खालून दोन प्लास्टिकच्या नटांत अडकवलेले. मोकळ्या बाजूचा नट प्रमोदनं आवळला. भिंतीकडच्या नटापर्यंत त्याचा पंजाच पोचेना. वरून स्क्रू फिरवावा, तर खालचा नट त्याच्याबरोबर गरगर फिरायचा. पक्कड घातली तर तिला उघडायलाच जागा नव्हती. सोसायटीचा प्लंबरही बॅटरी मारून बघून गेला. म्हणाला, कमोड उचलावा लागेल, दोनचार लाद्या फुटतील, सवडीनं येतो. ती सवड त्याला काही मिळाली नाही.

खांदा आपटला त्या दिवशी प्रमोद ड्युटीवर गेल्यावर संध्यानं बांगड्या काढून ठेवल्या, हाताला साबण चोळला आणि ती संडासात फरशीवर आडवी झाली. भिंत आणि कमोड यांच्या फटीत तिचा हात अंगठ्याच्या बुंध्यापर्यंत गेला आणि अडकला. जोर केला तसं कातडं सोलवटलं. सुंदराबाई दाराशी खुर्चीत बसून बघत होत्या. नक्की अडलंय कुठं, असं त्यांनी विचारलं. संध्यानं सांगितलं, की मी वरून स्क्रू फिरवत असताना कुणीतरी खाली नट धरून ठेवायला पाहिजे, पण तिथवर जाईल एवढा बारीक हात आणायचा कुठून?

सुंदराबाईंनी मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"हा घाल की."

संध्याला आधी कळलंच नाही.

"मेला असला तरी हाडं आहेत ना त्याला? बोटं आयतीच आखडलेली आहेत. पाचर मारतात तशी अडकव तिथं. नट फिरला नाही म्हणजे झालं."

माणसाचा हात लाकडाच्या तुकड्यासारखा वापरायचा, हे संध्याच्या जिवावर आलं. पण सासूबाईंच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. उलट त्यांचे डोळे किती दिवसांनी कुठल्यातरी कामावर लागले होते. संध्यानं झाकण पाडून त्यांना वर बसवलं, त्यांचा हात साबणानं माखला आणि खांद्यापासून सावकाश सैल सोडत फटीत उतरवला. जिथं तिचा हात अडला होता, तिथून हा अलगद आत गेला. तिनं फटीत मोडकी पट्टी घालून त्यांची बोटं आत ढकलली. काही लागतंय का, असं विचारल्यावर सुंदराबाई म्हणाल्या, काहीतरी गार लागतंय, कानासारखं.

नटाला दोन पंख होते. संध्यानं ओळखलं, हात जागेवर पोचलाय.

ती त्यांच्या पाठीशी वाकली आणि स्क्रू फिरवायला लागली. पहिल्यांदा नट बोटांवरून टकटक करत घसरला. पुन्हा घसरला. मग मात्र स्क्रूड्रायव्हरला एकदम वजन लागलं. पेच आवळत चालला. संध्यानं दम घ्यायला हात थांबवला आणि तिला सासूबाईंचा चेहरा दिसला. त्यांनी डोळे मिटले होते. खालचा ओठ दाताखाली धरला होता.

"दुखतंय का? काढू?"

"थांबू नको," सुंदराबाई म्हणाल्या. "सुटेल माझ्याकडनं."

सुटतं ते धरलेलं असेल तरच, हे संध्याच्या ध्यानात आलं. पाचर काही सोडत नसते. तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, मोबाईलची बॅटरी लावली आणि पुन्हा फरशीवर पडून गाल भिंतीला टेकवत आत पाहिलं. कमोडच्या मागच्या अंधाऱ्या खोबणीत, धुळीच्या आणि सिमेंटच्या ठिपक्यांच्या मधे, नटाचा एक पंख दोन बोटांत धरलेला होता. एका बाजूनं मुडपलेलं पहिलं बोट, आणि समोरून अंगठा. तो अंगठा हिवाळ्यापासून हललेला कुणी बघितला नव्हता. त्याचं नख दाबानं पांढरं पडलं होतं. ती बघत असताना तो किंचित घसरला, थरथरला आणि चाचपत पुन्हा जागेवर आला. कापडातून धाग्याचं टोक चिमटीत पकडावं तसा.

डोंगराची कड फुटून पाणी यावं आणि आपण नेमकं तिथंच उभं असावं, तसं तिला वाटलं. किती तरी वेळ ती त्या घाणीत, ओल्या फरशीवर, एका नखाकडं बघत पडून राहिली.

"काय झालं गं?" वरून सुंदराबाईंनी विचारलं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही धरलंय ते."

मग सुंदराबाई म्हणाल्या, "मला वाटलं, मला भास होतोय."

उरलेला पेच संध्यानं आवळला. सीट आता हलत नव्हती. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना खरचटलं होतं आणि नखांत काळं गेलं होतं. दोघी त्या हाताकडं बघत राहिल्या. सुंदराबाईंनी जोर लावला. अंगठा हलला नाही. संध्यानं हळद लावायच्या निमित्तानं आपलं बोट मधे ठेवून पाहिलं, तरी नाही. तिचं तोंड उतरलं. सुंदराबाईंचं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले, मान भिंतीकडं फिरवली आणि म्हणाल्या, आता परत ठेव. बघत बसलं की तो लाजतो.

या वेळी बोटावर दाब आला. चिमणीनं चोचीत धरावं एवढाच.

संध्याकाळी प्रमोद घरी आला तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नाही. आईनं त्याला जवळ बोलावून त्याचं बोट आपल्या उजव्या हाताच्या चिमटीत ठेवायला लावलं आणि डोळे मिटले. दिवसभर लोखंडाशी झगडून आलेला तो गडी तिथंच पलंगापाशी खाली बसला. पाठीवरची बॅग काढायचं त्याला सुचलं नाही. आई झोपी गेली तरी त्यानं बोट काढून घेतलं नव्हतं, आणि संध्यानंही त्याला जेवायला हाक मारली नाही.