डिसेंबरच्या पानाची पाठ

मी दिनदर्शिका बोलतेय. अख्खी नाही, तिचं शेवटचं पान, डिसेंबर. कोथरूडच्या एका स्वयंपाकघरात नव्या दिनदर्शिकेच्या मागे, तिच्याच खिळ्याला लटकून आहे. मागेच बरी आहे. पुढे यायला मला तोंड नाही. का, ते सांगते.

एका किराणा दुकानदाराने दिवाळीत गिऱ्हाइकांना फुकट वाटली त्यांतली मी एक. फुकटची म्हणून पाठ कोरी. महागड्या बहिणींच्या पाठीवर राशिभविष्य असतं, वड्यांच्या पाककृती असतात, माझ्या पाठीवर काहीच नव्हतं. पोटावर मात्र सगळं होतं. तारीख, सण आणि प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरांत तिथी.

घरात माणसं तीन. आनंदीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. कोथरूड हे गाव होतं तेव्हा इथे त्यांची ज्वारीची शेतं होती. आता त्या शेतावर सोसायटी आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर त्या राहतात. मुलगा पृथ्वीराज आणि सून शेफाली, दोघंही नोकरीवाली. तिथी वाचायच्या त्या फक्त आनंदीबाई. बाकीचे दोघे सिलिंडर कधी लावला आणि सुट्ट्या जोडून येतात का, एवढंच बघून निघून जायचे. त्या सोडल्या तर वर्षभरात कुणी दोन मिनिटं माझ्यासमोर उभं राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

नोव्हेंबरचं पान फाटलं आणि मी एकटीच उरले. त्याच रविवारी पृथ्वीराजने मला खाली काढलं, पालथं टाकलं आणि पट्टी घेऊन बसला. डिसेंबरअखेर रत्नागिरीला जायचं ठरलं होतं. मुक्काम शहरात आणि रोज सकाळी निघून आसपासचं बघायचं. निळ्या पेनने रकाने आखले, लाल पेनने वेळा लिहिल्या. भाट्ये किनारा ७.१० ते ८.०५. रत्नदुर्ग ८.३० ते ९.४०. चहा दहा मिनिटं. दुपारी जेवण साडेबारा, विश्रांती एक ते चार. या शेवटच्या ओळीखाली त्याने दोन रेघा मारल्या.

खरं तर या सगळ्याचं कारण एकच होतं, यमुनाबाई. आनंदीबाईंची धाकटी बहीण. तिचा नवरा स्वारगेटहून रत्नागिरीची एसटी चालवायचा. निवृत्त झाल्यावर तो तिला घेऊन आपल्या वाडीत गेला, शहरापासून अर्ध्या तासावर, खाडीपलीकडे. पुढे तो वारला, तिचे गुडघे गेले, आणि बहिणी-बहिणींची नऊ वर्षांत गाठ नाही. आनंदीबाईंनी मुलाकडे तिची भेट, एवढंच मागितलं होतं. मुलाने ते रविवारच्या रकान्यात बसवलं, "यमुनामावशी ११.१० ते ११.४०".

मग त्याने मला टाचणी लावून परत टांगलं, पाठ पुढे करून. पोट भिंतीकडे गेलं. आणि काय सांगू, मला ते आवडलं. शेफाली डबा भरताना मला वाचायची. शेजारच्या बाईंनी तर मोबाइलवर माझा फोटो काढला. "पृथ्वीराज, प्लॅन असावा तर असा," म्हणाल्या. मी फुगले.

आठवडाभराने यमुनाबाईंचा फोन आला. आनंदीबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्याने लावलेला असतो.

"आक्का, तिथी बघून ये हां. अष्टमीच्या आसपास ये. अमावास्या-पुनवेला आमची खाडीतली वाट दुपारपर्यंत पाण्याखाली असते."

आनंदीबाई चष्मा लावून माझ्यासमोर आल्या. त्यांना तिथी हवी होती आणि दिसत होते ते लाल-निळे रकाने. त्यांनी माझा कोपरा धरून उचलला.

"आई, त्याला हात नको लावू," पृथ्वीराज लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. "टाचणी निघेल. काय हवंय?"

"यमुना म्हणतीया, तिथी बघून या."

"आपण उपास सोडायला चाललोय का? सगळं ठरलंय, आई. बुकिंग झालंय."

"बरं," म्हणून त्यांनी कोपरा सोडला.

आता माझी लाज ऐका. मी फोन ऐकला होता. भेटीच्या रविवारी, एकोणतीस तारखेला, माझ्या पोटावर वद्य चतुर्दशी छापलेली होती, अमावास्येचा आदला दिवस, हे मला पाठ होतं. टाचणी खरंच सैल होती आणि वर पंखा चालू होता. अंग जरा ढिलं सोडलं असतं तर मी आनंदीबाईंच्या पायाशी पडले असते, सुलटी. मी पडले नाही. सुलटी झाले तर मला पुन्हा कोण वाचणार, या भीतीने मी टाचणीला धरून राहिले.

प्रवासात मी पृथ्वीराजच्या खिशात घडी होऊन होते. शनिवार मिनिटाबरहुकूम पार पडला. रविवारी अकरा वाजून आठ मिनिटांनी गाडी खाडीपाशी थांबली. पुढे वाट नव्हती, पाणी होतं. पलीकडे, हाक पोचणार नाही एवढ्या अंतरावर, अंगणात खुर्ची टाकून कुणीतरी हिरव्या लुगड्यात बसलं होतं. आनंदीबाई गाडीतून उतरल्या. हातात बाजरीच्या पिठाची पिशवी होती. यमुनेला कोकणात बाजरीची भाकरी मिळत नाही, म्हणून पुण्याहून निघायच्या आदल्या दिवशी दळून आणलेलं पीठ.

काठावर सोनबा नावाचे म्हातारे जाळं नीट करत बसले होते.

"भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची," ते म्हणाले. "आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला भरती पुरी झाली. एक वाजता वाट मोकळी होईल, थांबा."

"एक ते चार आमची विश्रांती असते," पृथ्वीराज म्हणाला.

सोनबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "बरं," म्हणाले आणि जाळ्यात मान घातली.

"अहो, थांबूया ना," शेफाली हळूच म्हणाली.

"जेवणाचं सांगून ठेवलंय. साडेचारला दीपगृह आहे. उद्या पहाटे निघायचंय." त्याने मला खिशातून काढून तिला दाखवलं. पुरावा म्हणून मी.

आनंदीबाईंनी हात वर केला. पलीकडच्या हिरव्या लुगड्याचाही हात वर झाला. दोघी तशाच राहिल्या. अकरा चाळीसला गाडी वळली. एक वाजता, वाट उघडी पडली असेल तेव्हा, पृथ्वीराज लॉजवर घोरत होता आणि आनंदीबाई पिशवी मांडीवर घेऊन खिडकीत बसल्या होत्या. मी खुर्चीवरच्या शर्टात होते. त्यांच्याकडे बघायचं मला धैर्य झालं नाही.

दोन दिवसांनी वर्ष संपलं. नवी दिनदर्शिका आली. पृथ्वीराजला प्लॅन जपून ठेवायचा होता, म्हणून मी तिच्या मागे गेले, तशीच उलटी. तेव्हापासून आनंदीबाई रोज सकाळी नवीसमोर उभ्या राहून हिशेब करतात. "आज पंचमी. पावणेचारला भरती." मग दहाच्या सुमाराला फोन. "यमुने, आत्ता वाट मोकळी असंल न्हाय?" अष्टमी जवळ आली की बाजरी दळून आणतात. कुणी नेत नाही. बाजरीचं पीठ पंधरा दिवसांत कडू होतं, मग ते गाईला घालतात. मुलाला त्यांनी एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर मला थोडं हलकं वाटलं असतं.

जानेवारीच्या शेवटी एक दिवस पृथ्वीराज चहा घेत होता. आनंदीबाई नेहमीसारख्या पुटपुटल्या, "आज वद्य चतुर्दशी. साडेदहा. आज न्हाय जमायचं."

त्याचा कप तसाच राहिला. तो उठला, नवी दिनदर्शिका उचलून त्याने मला ओढून काढलं. आपण आखलेले रकाने बघितले आणि मग, पहिल्यांदाच, मला उलटवलं. एकोणतीस तारखेच्या चौकोनावर बोट ठेवून त्याने तिथी वाचली.

"आई, अष्टमीला भरती कधी?"

"सहाला. सकाळी न् सांजच्याला. दुपारी वाट कोरडी."

"आणि त्या दिवशी तू कोपरा उचललास, तेव्हा हेच बघत होतीस?"

त्या बाजरी निवडत राहिल्या.

माझी आता एवढीच विनंती आहे, मला रद्दीत घाला. घडी घालताना पोट बाहेर ठेवा. पाठीवरचं कुणी वाचू नये.

पुन्हा नवीच्या मागे जाण्याआधी एक गोष्ट पाहिली. पृथ्वीराजने तेच लाल पेन घेतलं. नवीच्या फेब्रुवारीत, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, अष्टमीच्या चौकोनात लिहिलं, "मावशी". तो बुधवार आहे, कामाचा दिवस. वेळ त्याने लिहिली नाही.