आकाशाची घडी

आई गेल्यापासून बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. मधल्या खुर्चीत महाराज, आणि त्यांच्या पायाशी मावशीने ठेवलेली, परदेशी राहणाऱ्या दादाची दोन विमानतिकिटं.

"मागच्या खेपेला इथून नऊला निघाला, तिथे संध्याकाळी सहाला पोचला. नऊ तास!" मावशी नव्या येणाऱ्यालाही पहिल्यापासून सांगत होती. "आणि ताईचं जास्त झालं म्हणून परत यायला निघाला, तर सकाळी नऊचं विमान साडेअकराला इथे! अडीच तास!"

महाराज डोळे मिटून हसले. "लेकराची हाक ऐकली. आम्ही आकाशाची घडी घातली. दोन शहरं टोकाला टोक लागली."

"म्हणून तर माउली दुपारपर्यंत थांबली. मुलासाठी," शेजारीणबाई म्हणाल्या.

मला हेवा वाटला. खोटं कशाला सांगू? चार वर्षं आईचं अंग पुसलं मी, आणि आकाश दुमडलं ते दादासाठी.

"ताईची खोली आता महाराजांच्या बैठकीला द्यायची," मावशीने जाहीर केलं. दादा मान खाली घालून बसला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. आईच्या तापाचा कागद फ्रिजच्या दारावर अजून तसाच होता. तासातासाची नोंद, माझ्या अक्षरात. तो घेऊन आले.

"दादा, विमानाचं दार लावताना तू फोन केलास. तुझ्याकडे किती वाजले होते?"

"नऊ."

"आणि इथे?"

त्याने मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सरकवलं.

"साडेपाच. हे बघा: साडेपाच, ताप एकशे दोन, दादा निघाला. मग साडेसहा, साडेसात... साडेअकरा, दादा उतरला. मोज गं मावशी."

मावशीची बोटं हलली. "सहा?"

"निघाल्याची वेळ तिथल्या घड्याळाची, पोचल्याची इथल्या. ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. जातानाच्या नऊतून साडेतीन काढ, साडेपाच तास. येताना सहा. अंतर तेवढंच, उलट अर्धा तास जास्तच लागला, वारा समोरून होता म्हणून. घडी पडली नाही महाराज, घड्याळ बदललं."

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"पोरी, श्रद्धेला आकडे नसतात."

"मग अडीच हा आकडा कोणाचा?"

महाराजांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"मला माहीत होतं," दादा हळूच म्हणाला. "उतरल्या उतरल्या मीच घड्याळ मागे केलं. पण आई माझ्यासाठी थांबली असं सगळे म्हणायला लागले... बरं वाटलं गं."

बरं वाटणारच. मलाही वाटलं असतं.

"त्या सहा तासांत तिने दोनदा डोळे उघडले. एकदा पाणी मागितलं," मी म्हटलं. "सहाचे अडीच करायचे तर यातलं काय खोडू, सांग."

दादाने माझ्या हातातला कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. मावशीने तिकिटं उचलली.

आईची खोली बैठकीला गेली नाही. चमत्कार कानावर आला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: घड्याळ कुठलं? नाहीतर ज्यांनी ते तास उशाशी बसून काढले, त्यांचेच तास पहिल्यांदा पुसले जातात.