कळी, कवळी, भरली, जून

"मामाजी, पाहा बरं! कशी झळकून राहिली!"

पार्बतानं पदराच्या टोकावर सोन्याची जुनी मोहोर धरली होती. हात मनगटापर्यंत राखेनं माखलेले, कपाळावर घाम आणि तोंडभर हसू. धनतेरसेचा दिवस. माहेरी तिची माय दरवर्षी या दिवशी घरातलं किडूकमिडूक सोनं रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, चुलीतल्या बारीक राखेनं घासायची आणि मग पूजेला मांडायची. सासरची ही तिची पहिलीच धनतेरस. सासू नाही, सांगणारं कोणी नाही, नवरा, खुशाल त्याचं नाव, लोकांच्या कापसाची गाडी घेऊन अकोल्याला गेलेला. पोरीनं आपल्या अकलेनं सगळं नीट केलं होतं.

सासऱ्यानं, म्हणजे जानरावनं, मोहोर दोन बोटांनी कडेला धरली आणि दारातल्या उन्हात तिरपी केली. सगळ्या अंगावर बारीक बारीक रेघा उठल्या होत्या. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग तो म्हणाला, "लय झळकून राहिली, बाई. जरा पानी दे बरं."

पाणी पिऊन तो ओट्यावर बसला तो बसलाच.

आता हा जानराव कोण, ते सांगायला हवं. वलगावचा माळी. ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. काल धोतराला ठिगळ लावणारे लोक आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवू लागले. एकानं तर म्हणे गाडीच्या चाकाला चांदीची धाव ठोकली! हसावं की रडावं, सांगा. जानरावला मात्र कापसाचं वारं लागलं नाही. तो आपला मेथी, वांगी, काकडी लावायचा, अमरावतीच्या बाजारात गाडीवाल्यांना नि हमालांना विकायचा, आणि चार पैसे सुटले की जुनी मोहोर घ्यायचा. दारू नाही, तमाशा नाही, जुगार नाही. व्यसन काय, तर मोहोर!

तीही डोळे मिटून घेतलेली नाही. त्याची प्रतवारी ठरलेली होती, आणि तिला शब्द सगळे मळ्यातले. बाजारात फिरून झिजलेली ती 'जून'. अक्षरं अजून ठसठशीत, पण हात लागलेला, ती 'भरली'. टांकसाळीतून निघून थेट कुणाच्या गाठोड्यात जाऊन बसली ती 'कवळी'. कोवळ्या काकडीवर लव असते ना, तशी तिच्या अंगावर एक तकाकी असते. बोट फिरलं की गेली. आणि 'कळी' म्हणजे नजराण्यासाठी मुद्दाम पाडलेली मोहोर. नेहमीच्या मोहरेचा ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कडेची अक्षरं तुटायचीच. कळीवर सारी अक्षरं अखंड, भोवती ठिपक्यांची कड, आणि अंगावर तीच तकाकी. जानरावला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण अमरावतीचे सराफ अडलं की त्यालाच हाक मारायचे. त्यानं 'भरली' म्हटलं की ती भरली, त्यावर पुन्हा बोलणं नाही.

अशी कळी त्याला उभ्या जन्मात एकदाच दिसली. बाळापूरला, एका मोडलेल्या जहागीरदाराच्या घरी, रेशमात गुंडाळलेली, बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीची. जवळच्या होत्या नव्हत्या त्या साऱ्या मोहरा देऊन त्यानं ती एक घेतली. माळ्याचं डोकं फिरलं, असं गाव म्हणालं.

डोकं कशाचं फिरतंय! मळा होता उत्तमराव देशमुखांचा. जानरावचा बाप त्याच मळ्यात राबून मेला. देशमुख राहायचे अकोल्याला. कापसाच्या पैशाबरोबर त्यांना जुन्या मोहरांचा शौक लागला होता, आणि येत्या गुढीपाडव्यापासून मळा मोडून तिथंही कापूसच पेरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. कळीची बातमी त्यांच्या कानावर गेली आणि दोघांत शब्द झाला. कळी देशमुखांची, विहिरीसकट मळा जानरावचा. मोहोर न्यायला ते आजच दुपारी यायचे होते.

आले. दमणीतून उतरून ओट्यावर टेकले, गूळपाणी घेतलं. जानरावनं मोहोर त्यांच्या हातावर ठेवली.

"वा रे वा!" देशमुखांचे डोळे लकाकले. "काय तेज हाये! जानराव, जितलास लेका. मळा तुहा झाला."

झालं की! त्यांना काही दिसलं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. दाराआड पार्बता उभी होती, आपण घासलेल्या मोहरेची तारीफ ऐकून पोरीचा ऊर भरून आला होता.

जानरावनं मान हलवली नाही. देशमुखांच्या पेटीतल्या निम्म्या मोहरा त्याच्या शब्दावर घेतलेल्या होत्या. आज एक शब्द खोटा पडला, तर त्या सगळ्यांचा काय भरवसा?

"नाही, मालक," तो म्हणाला. "हे आता कळी नोहे. उन्हात तिरपी धरून पाहा."

देशमुखांनी धरली. रेघा दिसल्या.

"घासली?"

"व्हय. राखेनं."

"कोनं?"

"म्या."

देशमुख हसलेच. "तू? तू तर मोहरेले बोटाचं पोट लागू देत नाहीस. काहून घासशीन?"

"हौस आली, मालक. म्हनलं, तुमी येऊन राहिले, तर जरा झळकू द्या."

देशमुखांची नजर दाराकडे गेली. चौकटीला धरलेला हात दिसत होता, नखांत राख अडकलेली. त्यांनी नजर वळवली आणि पुढं काही विचारलं नाही. माणूस वाईट नव्हता. पण मोहोर त्यांनी ओट्यावर ठेवली.

"आपला शब्द कळीचा होता, जानराव."

"व्हय, मालक. कळीचाच होता."

"पाडव्याले मळा सोडा लागंन."

"सोडतो."

उठता उठता देशमुखांनी कनवटीतून एक मोहोर काढली. अकोल्यात नवी घेतली होती. विकणाऱ्यानं कवळी म्हणून दिली होती. आत्ताच मळा काढून घेतलेल्या माणसापुढं ती धरताना ते जरा अडखळले, पण धरली. "ही पाह्यतोस?"

जानरावनं पाहिली, कडेवरून नख फिरवलं. "जून हाये, मालक. गळ्यात घालाले कडी लावली होती, मंग ते काढून जागा भरून घेतली. फसले तुमी."

देशमुखांनी ती कनवटीला लावली. दमणी वेशीकडं निघून गेली.

पार्बता बाहेर आली ती रडतच. "मामाजी, मले का मालूम होतं! माह्यानं मळा गेला. अन् तुमी माह्यासाठी लबाड बोलले!"

"मोहरेच्या बाबतीत नाही बोललो," जानराव म्हणाला. "तू लक्ष्मीसाठी घासली ना? मंग बस झालं. डोळे पूस. खुशाल अकोल्याहून आला तं त्याले मीच सांगीन."

ऊन कलल्यावर तो मळ्यात गेला. मागून पार्बताही गेली. विहिरीच्या पलीकडं त्यानं या पावसाळ्यात कागदी लिंबाची रोपं लावली होती, मळा आपला होणार या भरवशावर. फळ धरायला अजून चार-पाच वर्षं लागली असती. त्यानं बैल जुंपले, मोट सोडली, आणि पाणी पाटातून आलं की बैल थांबवून तो फावडं घेऊन एकेका आळ्यात ते वळवू लागला.

पार्बता थोडा वेळ पाहत राहिली. मग तिला राहवलं नाही.

"मामाजी, पाडव्याले तं हे सारं उपटून फेकतीन. मंग याईले पानी काहून देऊन राहिले?"

जानरावनं फावडं टेकवलं. पायाशी आळ्यात पाणी भरत आलं होतं, पुढची आळी अजून कोरडी होती.

"याईले का मालूम, पोरी," तो म्हणाला. "याईले तं आज तहान लागली."

पार्बतानं पदर खोचला आणि बैल हाकायला मोटेकडं गेली.