साडेअकरा फूट ओल

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण पुढे सरकायचा, भिंतीला बोट लावायचा, ते जिभेवर टेकवायचा आणि मान डोलवायचा. खारट! भिंत रडत होती आणि तिचं पाणी अश्रूंसारखं खारट होतं. आता आणखी कसला पुरावा हवा?

शिलाई मशीनशी बसलेली सून हा तमाशा चार महिने बघत होती. सासरे गेले, सासूबाईंनी त्यांच्या आठवणीसाठी खोलीच्या भिंतीला लागून बाहेर माती चढवली, फुलझाडं लावली. वर्षभरात भिंत आतून पाझरायला लागली. मग कुणीतरी एका बाबाला आणलं. त्याने भिंतीला कान लावला आणि निदान केलं, म्हातारा तहानलाय. वाफ्याला रोज अकरा घागरी पाणी घाला, खिडकी बंद ठेवा, वाऱ्याने आत्मा बिचकतो. पाणी घातलं की भिंत जास्त रडायची आणि बाबाचा भाव वाढायचा.

थोरल्या नातीला दमा होता. तरी तिचं अंथरूण याच भिंतीशी, आजोबांच्या सावलीत. पोरीला ओलीपासून आणि बुरशीपासून लांब ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. सुनेने सासूबाईंपुढे एकदा विषय काढला, बोलणी खाल्ली आणि गप्प बसली. पोर दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. त्याला अजून तीन आठवडेही झाले नव्हते.

बाबाने पुन्हा भिंतीला कान लावला.

"आता दोघं रडतायत," तो म्हणाला. "आजोबा आणि नात. धाकट्याचा पाळणा इथे आणा. तिला भावाला बघायचंय."

सासूबाई डोळे पुसत पाळण्याकडे वळल्या. सून उठून आडवी आली.

"पाळण्याला हात लावू नका, आई."

या घरात ती इतक्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. तिने गळ्यातली टेप काढली आणि सगळ्यांदेखत भिंतीवरची ओल मोजली. खिडकीच्या कडेपासून साडेअकरा फूट. त्यापुढे भिंत कोरडी ठणठणीत. मग बाहेर जाऊन, मागोमाग आलेल्या बाबा आणि गर्दीदेखत, तिने वाफा मोजला. खिडकीच्या कडेपासून साडेअकरा फूट. मेलेली माणसं वाफ्याच्या मापाने रडतात का, असं तिने बाबाला विचारलं. बाबाने आभाळाकडे बोट दाखवलं.

समोरच्या घरावर एक गवंडी काम करत होता. तिने त्याला हाक मारली. त्याने भिंतीलगत हातभर खणलं आणि विटांमधली डांबराची काळी रेघ उघडी केली.

"जमिनीतली ओल या थराशी अडते, म्हणून बाहेरची माती कायम याच्याखाली हवी," तो म्हणाला. "तुम्ही ती वर चढवलीत. पाणी थराच्या वरूनच विटांत शिरतंय."

"आणि खारट कसं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मातीत, विटेत क्षार असतात. पाणी ते घेऊन आत येतं. भिंतीवर ती पांढरी भुकटी दिसते ना, तेच ते."

बाबाला तेवढ्यात दुसरीकडचं बोलावणं आठवलं. चपला शोधताना मात्र त्याला कसलीही दिव्यदृष्टी लाभली नाही. गर्दीही पांगली. जिभा पुसायला कुणी थांबलं नाही.

सासूबाई वाफ्याशी उकिडव्या बसल्या.

"म्हणजे पाणी मी घालत होते," त्या म्हणाल्या.

घागरी भरून देणारी सून होती. त्यांच्या शेजारी बसून ती हातांनी माती ओढायला लागली. दोघींनी फुलझाडं उपटली, काळ्या रेघेच्या वीतभर खाली जमीन आणली. खिडकी उघडी राहू लागली. धाकट्याचा पाळणा पलीकडच्या खोलीतच राहिला. भिंत सुकायला सात महिने लागले आणि सुकल्यावर ती बघायला कुणी आलं नाही.

तुमच्या घरची भिंत रडू लागली, तर हात जोडण्याआधी बाहेर जा आणि माती कुठवर चढली आहे ते बघा. घरात आजारी पोर असेल, तर डॉक्टर पहिल्यांदा सांगतील तेव्हाच त्याचं अंथरूण हलवा. या घरात त्यांनी दोनदा सांगितलं होतं.