व्हर्लिनने कोरी सोडलेली जागा

सकाळी सातपासून आर्लिस कोट चढवून दारात उभी होती, आणि तिच्या नवऱ्याची, व्हर्लिनची, तिसरी कॉफी काही संपत नव्हती. मतदानाचा मंगळवार होता. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, एवढंच, असं मिनेसोटाच्या राज्यघटनेत कायमचं लिहायचं की नाही, ते आज ठरणार होतं. त्यांची मुलगी सिग्ने चौदा वर्षं डेनीसबरोबर राहत होती. आज ना उद्या कायदा बदलेल आणि आपण लग्न करू, या आशेवर दोघी होत्या. एकदा घटनेत लिहिलं गेलं की ती आशाही संपणार होती.

रविवारी सिग्नेने फोनवर साफ सांगितलं होतं, "आई, बाबांनी काय केलं ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. 'हो' केलं असेल, तर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आमची वाट बघू नका."

आर्लिसने सप्टेंबरातच फाटकाशी 'नाही'ची पाटी रोवली होती. चर्च 'हो'च्या बाजूचं; तिथल्या बायका तेव्हापासून तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत. व्हर्लिनने पाटीभोवतीचं गवत कापलं, पाटीला हात लावला नाही, आणि चकार शब्द काढला नाही. आमच्याकडच्या पुरुषांना बोलतं करण्यापेक्षा गोठलेल्या तळ्यात भोक पाडणं सोपं. पण चर्चच्या कमिटीवर वीस वर्षं बसलेला माणूस आज काय करेल, याचा आर्लिसला अंदाज येत नव्हता.

टाऊन हॉलमध्ये दोघांनी शेजारशेजारच्या आडोशांत उभं राहून मतपत्रिका भरल्या. आर्लिसने 'नाही'चा गोल इतका गिरवला की कागद फाटायचा बाकी राहिला. पलीकडे व्हर्लिनचं पेन बराच वेळ हललंच नाही.

बाहेर कॉफीच्या टेबलापाशी ऑर्व्हिल हातात केक घेऊन उभा होता. तो त्यांचा शेजारी आणि चर्चच्या कमिटीचा प्रमुख.

"या पाटीवाल्या बाई!" तो हसला. मग व्हर्लिनच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "काय रे, बायकोच्या धाकाने 'नाही' करून नाही ना आलास?"

आजूबाजूच्या चार माना वळल्या. व्हर्लिनने कॉफीत बघत सांगितलं, "कोरं सोडलं."

"मग ठीक! निदान कुणाचं वाईट तरी नाही केलंस."

आर्लिसचं डोकं भणाणलं. पिकअप ट्रकचं दार तिने असं आपटलं की आरसा हलला.

"पोटच्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न, आणि तुला एक गोल काळा करता आला नाही? हवामानाबद्दल विचारलं होतं का रे तुला? आता काय सांगू तिला? तुझा बाप त्यातला नाही आणि यातलाही नाही?"

कणसं काढून झालेल्या ओसाड शेतांमधून ट्रक चालला होता. मैलभर गेल्यावर व्हर्लिन म्हणाला, "बावीस वर्षं मी त्या हॉलमध्ये मतं मोजलीत, आर्लिस."

"मग?"

"घटना बदलायची तर मतदानाला आलेल्या सगळ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचं 'हो' लागतं. कोरं सोडलेलं 'नाही'तच जातं."

आर्लिस त्याच्याकडे वळली. "ऑर्व्हिलला हे माहीत नाही?"

"त्याने कधी नियम वाचलेत?"

तिला हसू आलं आणि तेवढाच संतापही आला. म्हणजे याने पोरीची बाजू घेतली, पण कुणाला कळू नये अशी. पर्समधून फोन काढून तिने नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला. "सांग तिला. मी नाही सांगणार."

व्हर्लिनने ट्रक कडेला घेतला.

"सिग्ने, बाबा बोलतोय. मी कोरं सोडलं. कोरं म्हणजे 'नाही'च धरतात. मला ते माहीत होतं. माहीत असूनच सोडलं."

"मग सरळ 'नाही' का नाही केलंत, बाबा?"

ऑर्व्हिलला दिलं तसं उत्तर इथे चालणार नव्हतं.

"धीर झाला नाही, पोरी."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य आर्लिसने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सिग्ने म्हणाली, "आम्ही येऊ. पण आत्ता बोललात ते जेवणाच्या टेबलावर डेनीसला सांगायचं. तुम्ही स्वतः."

"सांगतो."

फोन ठेवल्यावर व्हर्लिनने स्टिअरिंगवर हात ठेवले. पण गाडी पुढे काढणं त्याला जमेना. तो खाली उतरला, पुढून वळसा घालून आर्लिसच्या बाजूला आला आणि म्हणाला, "घरापर्यंत तू चालव."